आधी सहावारी, मग नऊवारी

इंग्रजी वाक्प्रचारांची कुळी सांगायची मला खोड आहे. पावसात कुणी 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' म्हणायचा अवकाश, की मी जुन्या इंग्लंडातली गवती छपरं, त्यांवर उबेला निजलेली कुत्री-मांजरं आणि सर आली की त्यांचं घसरून धपाधप पडणं, सगळं साग्रसंगीत ऐकवतो. म्हणजे ऐकवायचो. ही कथा १९९९ साली ईमेलांतून गावभर फिरलेली थाप निघाली. मांजराचं एक वेळ ठीक, पण छपरावर कुत्रा चढेल कशाला, हा प्रश्न मला वीस वर्षांत पडला नव्हता.

तरीही सोसायटीच्या गणपतीत 'दहा मिनिटं बोला' म्हणाले, तेव्हा मी हाच विषय घेतला. गौरीचा दिवस, समोर ओळीनं नऊवाऱ्या. त्या पाहून माझ्या डोक्यात वीज चमकली.

"'द होल नाइन यार्ड्स'! म्हणजे हातचं न राखता सगळंच्या सगळं. वार किती? नऊ! साहेबानं हे उचललं कुठून? आपल्या लुगड्यावरून!"

टाळ्या पडल्या. टाळ्यांच्या भरात मी तुळशीबागेत लुगडं मोजणारा पेशवाईतला एक गोरा कारकूनही जागच्या जागी जन्माला घातला.

तेवढ्यात आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. १८०१ साली कोपनहेगनच्या लढाईत माघारीची खूण दिसू नये म्हणून नेल्सननं दुर्बीण निकामी डोळ्याला लावली, असं सांगतात. मीही त्या हाताकडे तसंच पाहिलं. पण माझे दोन्ही डोळे शाबूत, आणि तिचा आवाज खणखणीत.

"आजोबा, हे अमेरिकेतलं आहे. १९०७ साली इंडियानातल्या पेपरात सापडतं." ती मोबाइलवरून वाचत होती. "दुसऱ्या महायुद्धातल्या मशीनगनचा सत्तावीस फुटी पट्टा, ती गोष्टही त्यामुळे बाद."

"मग नऊ वार कशाचे?" मी जरा चढ्या आवाजात.

"बहुतेक कशाचेच नाहीत. १९१२ साली केंटकीत तर 'होल सिक्स यार्ड्स' छापलंय. आकडा नुसता फुगत गेला."

पहिल्या रांगेतल्या माईंनी पदर सावरला. "म्हणजे साहेबाचीसुद्धा आधी सहावारीच होती का हो?"

मंडप हसला. गणपतीही हसल्यासारखा वाटला. मी शेवटची काडी धरली, "ते काहीही असो माई, आपली तरी नऊ वार आहे ना!"

"कुठली नऊ?" माई म्हणाल्या. "ही परवाच घेतली. कासोटा खोचायला गेले तर मागे पोचेना. मोजली, तर जेमतेम आठ. दुकानदार मात्र अगदी तुमच्यासारखाच ठासून सांगत होता."