रा. रा. तेजोनिधी यांस उघड पत्र

रा. रा. तेजोनिधी यांसी,
सोलापूरच्या एका वाहनचालकाचा सा. न. वि. वि.

पत्र लिहिण्यास कारण की, परवा रात्री बार्शी रस्त्यावर वैरागच्या अलीकडे आपले दर्शन झाले. दर्शन म्हणजे काय, गाडी कोणती, रंग कुठला, नंबर एमएच १३ चा की बाहेरचा, काहीच दिसले नाही. दोन निळसर-पांढरे गोळे आले आणि डोळ्यांत घुसले. मी अप्पर-डिपर करून विनवले, तर जवळून जाताना आपण काच खाली करून ओरडलात, "काय बे, दिसत नाही का?" नाही हो, दिसत नाही. तेच तर सांगत होतो.

कंपनीने दिलेला ६०/५५ वॅटचा हॅलोजन काढून आपण एलईडी बल्ब बसवलात, हे उत्तमच झाले. गाडी बनवणाऱ्या इंजिनिअरांना काय कळते? त्या बिचाऱ्यांनी बल्बमधल्या डिपरच्या तारेखाली धातूची इवलीशी वाटी बसवली, म्हणजे उजेड रिफ्लेक्टरच्या वरच्याच भागावर पडून खाली रस्त्याकडे झुकावा. शिवाय झोत असा आखला की तो उजवीकडे, समोरच्याच्या बाजूला, बुटका राहतो आणि डावीकडे जरा वर चढतो. डाव्या कडेलाच तर गळीत हंगामातली रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली उभी असते, आणि कोजागरीला तुळजापूरला पायी निघालेली माणसेही रस्त्याच्या कडेनेच चालतात. त्या तारेच्या नेमक्या जागी एलईडीची चिप आली नाही, की ही सगळी आखणी मोडते. उजेड झाडावर, आभाळात आणि माझ्या डोळ्यांत.

खोक्यावर ८००० केल्विन वाचून आपली छाती फुगली असेल. हा आकडा उजेडाचा नव्हे, रंगाचा. हॅलोजन ३२०० च्या आसपास, दुपारचे ऊन साडेपाच हजारांच्या. त्यापुढे वाढतो तो नुसता निळेपणा, आणि तो समोरच्याला जास्त टोचतो. फ्रान्सने १९३७ पासून १९९३ पर्यंत पिवळे दिवे सक्तीचे केले होते. त्याने चकाकी खरोखर किती कमी होते यावर वाद झाले, ते सोडा. पण समोरच्याच्या डोळ्यांची काळजी म्हणून एका देशाने बल्बांचा रंग ठरवला होता. आपण तो ठरवलात मित्राची गाडी बघून.

आपल्याकडेही नियम आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १०६ व्या नियमाने समोरच्या माणसाचा डोळा अक्षरशः मोजून ठेवला आहे: दिव्यापासून ८ मीटर, उजवीकडे अर्धा मीटर, जमिनीपासून दीड मीटर. त्या डोळ्याला दिपवणारा दिवा गाडीवर चालत नाही. आपले दिवे तर दुसऱ्या मजल्यावरच्या माणसालाही झोपू देत नाहीत. पण आपण निर्धास्त असा. पावती फाडणारे दिवसा चौकात उभे असतात, आणि आपला पराक्रम रात्रीचा.

एक हिशेब मात्र राहून गेला. ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. दिपलेला डोळा सावरायला पाच सेकंद धरले, तर माझी गाडी ११० मीटर आंधळी धावते. कुणाच्या दिशेने? आपल्याच. मधे दुभाजक नाही, झोत अडवणारे कण्हेरीचे झुडूप नाही, आणि आपल्या गाडीत मागे पोरेबाळेही झोपलेली असतील. समोरून येणारे स्टिअरिंग आपण स्वखर्चाने आंधळ्याच्या हाती दिलेत. "समोरचा अप्पर सोडत नाही, मग मी का सोडू?" हे आपले म्हणणे मी ऐकून आहे. म्हणजे आता दोघेही आंधळे, आणि आपला वेग अजून तोच.

तेव्हा एवढे करा. गाडी सपाट जागी भिंतीसमोर लावून डिपर टाका. उजेडाची वरची कड नीट उमटली आणि ती उजवीकडे दिव्याच्या उंचीखाली राहिली, तर माझे सगळे बोलणे मागे. भिंतभर उजेड सांडला, तर पुन्हा कंपनीचा हॅलोजन बसवा. काही शे रुपयांत मिळतो. छपरावर एलईडी पट्टी असेल, तर तीही त्याच फेरीत उतरवून घ्या. आणि तोवर, समोरून गाडी दिसली की डिपर मारा.

कळावे. लोभ असावा, झोत नसावा.

आपल्या समोरून येणारा