तलफ आल्यास काय करावे : वागळे इस्टेटीतील संमोहन-साधकांसाठी मार्गदर्शिका

पात्रता

सदर मार्गदर्शिका ठाण्यातल्या वागळे इस्टेटीच्या हद्दीत नोकरी करणाऱ्या आणि सिगारेट सोडलेल्या, सोडणाऱ्या किंवा सोडल्याचे घरी जाहीर केलेल्या सर्वांना लागू राहील. 'उद्यापासून बंद' म्हणणाऱ्यांनी ती उद्या वाचावी. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू पाहणीनुसार महाराष्ट्रात बिडी-सिगारेट ओढणारे प्रौढ शंभरात चारसुद्धा नव्हते. सकाळी साडेअकराला इस्टेटीतल्या कुठल्याही टपरीवर उभे राहावे, ते सगळे आपल्याच रोडवर कामाला आहेत अशी खात्री पटते. याच पाहणीत तंबाखू खाणारे आणि मिश्री लावणारे शंभरात चोवीसच्या घरात होते. त्यांची मार्गदर्शिका वेगळी निघेल, कारण त्यांना कामाची जागा सोडून कुठे जावेच लागत नाही.

स्थानिक परिस्थिती

राज्याचे औद्योगिक विकास महामंडळ 1962 साली स्थापन झाले आणि त्याने पहिली वसाहत इथेच वसवली. रस्त्यांना नावे द्यायला वेळ नसल्यामुळे नंबर दिले गेले. नंबर पुरेनात तेव्हा '16 झेड' असे रस्ते निघाले. त्यामुळे पत्ता विचारला की कोणी रोड नंबर सांगत नाही, 'कोपऱ्यावरच्या टपरीपासून डावीकडे' असे सांगतो. कारखाने जाऊन आयटी पार्क आले, भोंगा जाऊन गळ्यात कार्ड आले, टपरी मात्र हलली नाही. साधकाने हे ध्यानात ठेवावे, कारण त्याची गाठ तिच्याशी आहे.

प्रतिस्पर्धी ओळखणे

जेम्स ब्रेड या स्कॉटिश शल्यविशारदाने 1843 साली संमोहनावर ग्रंथ लिहिला. नश्तरांची चकचकीत डबी तो माणसाच्या डोळ्यांच्या किंचित वर धरी आणि टक लावून बघायला सांगे. आजही पद्धत साधारण तीच आहे. नजर एका जागी खिळवायची, श्वास लांबवायचा, आणि एका आश्वासक आवाजात तेच ते वाक्य ऐकवायचे. मन निवले की सूचना द्यायची.

आता टपरीकडे पाहू. दोरीला लायटर लोंबतो आहे. ज्योत नाकाच्या शेंड्याजवळ येताच दोन्ही डोळे तिच्यावर स्थिर होतात. मग दीर्घ श्वास, क्षणभर कुंभक, आणि सावकाश रेचक, जे योगवर्गाच्या बाई वर्षभर विनवूनही जमत नाही. सोबतीला सहकाऱ्याचा खालच्या पट्टीतला आवाज : 'चल, एक मारून येऊ.' झाले संमोहन. पुढची सूचनाही जागच्या जागी दिली जाते. कटिंगचा ग्लास दिसला की हात आपोआप खिशाकडे जातो, मालकाला ते मागाहून कळते.

म्हणजे आपण संमोहनाला पहिल्यांदा जात नसून दुसऱ्या संमोहनकाराकडे जात आहोत. पहिला वीस वर्षे अनुभवी आहे, दर दोन तासांनी सत्र घेतो आणि अपॉइंटमेंट मागत नाही. दोन तासांचा हिशेबही नेमका आहे. रक्तातले निकोटिन साधारण तेवढ्या वेळात निम्म्यावर येते.

साहित्य

चकचकीत वस्तू एक (गळ्यातल्या कार्डाची क्लिप चालेल), पाण्याची बाटली, दोन-चार लवंगा, आणि शांत जागा. शेवटची वस्तू इस्टेटीत मिळत नाही. जिन्यात ओढणारे असतात, गच्चीला कुलूप असते, मीटिंग रूम बुक असते. पर्याय म्हणून एचआरच्या प्रशिक्षणात मागची रांग धरावी. तिथली निम्मी मंडळी आधीच त्या अवस्थेत असतात.

कृती

1. प्रथम माणूस शोधावा. तो मनोविकारतज्ज्ञ किंवा प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ असावा. 'एका बैठकीत कायमची मुक्ती' असा बोर्ड असल्यास त्याच्या सावलीतही उभे राहू नये. 'ठाण्याला पाठवायला हवं' हे वाक्य ऐकतच आपण मोठे झालो. 1901 पासूनचे मनोरुग्णालय आपल्याच गावात असल्यामुळे अशा दारात शिरताना ओळखीचा कोणी बघतो का, अशी धास्ती वाटते. टपरीवर उभे असताना वाटत नाही, याची नोंद घ्यावी.

2. खुर्चीत सैल बसावे, नजर क्लिपवर ठेवावी, डोळे जड झाले की मिटावेत. दहापासून उलटे मोजावे. खालून रिक्षावाल्यांचा 'स्टेऽशन, स्टेऽशन' असा एकसुरी घोष येत असेल तर चिडू नये, मोजणीला तोच ठेका धरावा. संमोहन म्हणजे झोप नव्हे आणि शुद्ध हरपणेही नव्हे. आपल्याला कोणी कोंबड्यासारखे आरवायला लावणार नाही. ध्वनिमुद्रित सूचना घोडबंदर रोडवर गाडी चालवताना मात्र ऐकू नयेत.

3. आता मनात एक सुरक्षित जागा आणावी. तज्ज्ञ बहुधा समुद्रकिनारा सुचवतात. तो नाकारावा. किनारा म्हटला की अलिबाग, अलिबाग म्हटले की मित्र, आणि मित्र म्हटले की पाकीट. त्याऐवजी जिथे आजवर सिगारेट काढायची हिंमत झाली नाही अशी जागा निवडावी. उदाहरणार्थ, सासरेबुवांचा दिवाणखाना. सोफ्यावरचे क्रोशाचे कव्हर, बशीतला उरलेला चिवडा, 'मग, ऑफिस काय म्हणतंय?' असा त्यांचा दर दहा मिनिटांनी येणारा प्रश्न, सगळे बारकाईने डोळ्यांपुढे आणावे. तिथे आपण दुपारी जेवून संध्याकाळच्या चहापर्यंत बसलो होतो. निकोटिन तेव्हाही उतरत होते, शरीर तेच होते, तरी जीव गेला नाही. तिथे ना लायटर लोंबत होता, ना कोणी 'चल' म्हणाले. तलफ जितकी रक्तात असते तितकीच त्या साडेअकरात, त्या कोपऱ्यात आणि त्या आवाजात असते. प्रस्तुत मार्गदर्शिकेतले हे एकच वाक्य पाठ केले तरी चालेल.

4. सूचना द्यावी. 'मी सिगारेट ओढणार नाही' असे म्हणू नये, मन त्यातली फक्त सिगारेट उचलते. वाक्य होकारार्थी, वर्तमानकाळी आणि सवयीतले हवे. 'आपला विषय नोंदवून घेतला आहे, बघून कळवतो' हे उत्तम. याचा सराव साधकाने आयुष्यभर इतरांवर केलेला असतो.

5. मन निवांत असताना अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर दाबावी. पुढे तलफ आली की तेच करावे, निवांतपणाची आठवण परत येते. अंगठा तळहातावर घासू नये. शेजारचा चुन्याची डबी पुढे करतो.

प्रत्यक्ष तलफ आल्यास

तलफ ओढली तरी जाते आणि न ओढली तरी जाते, साधारण पाच-दहा मिनिटांत. संमोहनाचे सगळे काम तेवढी मिनिटे टोलवण्याचे. दुपारी दीडला लिफ्टची वाट बघणे किंवा तीन हात नाक्याचा सिग्नल यांना याहून जास्त वेळ लागतो, आणि ते आपण रोज सोसतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत वाईट. त्यानंतर दोन ते चार आठवड्यांत चिडचिड ओसरते. तोवर घरच्यांनी समजून घ्यावे. आधीपासूनच चिडका स्वभाव असल्यास ही सवलत मिळणार नाही.

'एक ओढून काही होत नाही' हे वाक्य कानावर पडताच समोरचा संमोहन करीत आहे असे समजावे, मग तो जिवलग मित्र का असेना.

शंकासमाधान

'याने नक्की सुटते का?' संमोहन आणि धूम्रपान यावरच्या चौदा प्रयोगांचा कॉक्रेन या संस्थेचा आढावा 2019 मध्ये आला. संमोहन हे समुपदेशनाहून किंवा स्वतःच्या बळावर सोडण्याहून सरस आहे, असे म्हणण्याइतका पुरावा त्यात मिळाला नाही. निकोटिनचे च्युइंगम आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या यांचा पुरावा बराच भक्कम आहे. तेव्हा डोळे मिटताना तोंडात च्युइंगम असायला हरकत नाही. दोन मिलिग्रॅमचे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. ते सिनेमा बघताना चघळतात तसे सलग चघळू नये. थोडे चावून गालात धरून ठेवावे.

'पाकिटावरचे भयंकर चित्र रोज बघूनही माझ्यावर परिणाम का होत नाही?' कारण आपण ते बघत नाही. 2016 पासून पाकिटाचा 85 टक्के भाग त्या इशाऱ्याने व्यापला आहे, पण साधक पाकीट घेतो कुठे? तो सुट्टी घेतो. महाराष्ट्रात सुट्टी विकायला सप्टेंबर 2020 पासून बंदी आहे, आणि म्हणून ती मिळत नाही अशी सरकारची समजूत आहे. टपरीवाला पाकिटातून एक काढून देतो, चित्र त्याच्याकडेच राहते.

अंतिम पायरी

चित्राबरोबर आणखी एक गोष्ट त्याच्याकडे राहते. 2018 पासून प्रत्येक पाकिटावर व्यसन सोडवणाऱ्या मोफत मदतवाहिनीचा नंबर छापलेला असतो : 1800-11-2356. तिथेही एक आश्वासक आवाज असतो, आणि तो 'चल' म्हणत नाही. साधकाने नेहमीच्या टपरीवर जावे, पूर्ण पाकीट मागावे, नंबर उतरवून घ्यावा आणि पाकीट परत करावे. टपरीवाला चार शब्द सुनावेल. ते ऐकून घेण्यातच पाच-दहा मिनिटे जातात.