डावा की उजवा?

सौदीतल्या जुबैलच्या एखाद्या कंपाउंडमध्ये शुक्रवारी मध्यरात्री एकाच खिडकीत उजेड दिसला, तर आत एखादा मराठी इंजिनियर दोन फोटोंच्या मध्ये अडकून पडलाय असं खुशाल समजावं. मुलं झोपलेली, दुसऱ्या दिवशी शनिवारची सुट्टी. (2013 पर्यंत इथे सुट्टी गुरुवार-शुक्रवारी असायची, तेव्हा हाच कार्यक्रम गुरुवारी रात्री चाले.) पडद्यावर फोटोशॉप उघडलेलं असतं आणि डाव्या हाताची दोन बोटं कंट्रोल आणि टॅबवर. टक्. पहिला फोटो. टक्. दुसरा. टक्. परत पहिला.

हा गृहस्थ पेट्रोकेमिकल कारखान्यात क्यूसी इन्स्पेक्टर असतो. वेल्डिंगच्या एक्स-रे फिल्म उजळलेल्या काचेवर ठेवून त्यातली केसाएवढी भेग शोधायची, हे त्याचं दिवसभराचं काम. ज्या प्लँटमध्ये तो राबतो तिथे कॅमेरा काढायची सोय नाही. कॅमेऱ्याच्या मोबाइलवरही या देशात बंदी होती, ती 2004 च्या अखेरीस उठली. आठवडाभर कोंडलेली हौस मग सुट्टीत बाहेर पडते.

यावेळी तो जबल फिहरैनला जाऊन आलाय. इंग्रजीत 'एज ऑफ द वर्ल्ड'. रियाधच्या वायव्येला साधारण नव्वद किलोमीटरवर तुवैक डोंगररांगेचा कडा एकदम तुटतो आणि खाली सपाट वाळवंट पसरतं. जुबैलहून आधी रियाधच चारशेच्या वर किलोमीटर. एवढं लांब जाऊन त्याने कुटुंबाला कड्यापासून सुरक्षित अंतरावर उभं केलं आणि बोट बटणावरून काढलंच नाही. घरी आल्यावर कळलं, सगळे फोटो सारखेच आहेत. इथे दुसरा कोणी खट्टू झाला असता. याला आनंद झाला.

"अहो, कुठलाही एक पाठवा ना! आई केव्हाच्या विचारतायत," बायको म्हणते.

"कुठलाही कसा? या दुसऱ्यात खडकाचे थर बघ. शार्प आहेत की नाही?"

"दोन्ही सारखेच दिसतायत."

"शेजारी-शेजारी ठेवून सारखेच दिसणार. एकाच्या जागी दुसरा यायला हवा."

यात त्याचं चुकत नाही, हे मान्य करावं लागेल. एकाच जागी दोन चित्रं आलटूनपालटून आली, की जे हललं त्याकडे नजर आपोआप जाते. अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत क्लाइड टॉम्बॉने 1930 साली प्लूटो असाच शोधला. जानेवारीत सहा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या आकाशाच्या दोन फोटोप्लेटा त्याने ब्लिंक कम्पॅरेटरमधून आलटूनपालटून पाहिल्या. तारे जागच्या जागी राहिले, एक ठिपका तेवढा सरकला. ही गोष्ट जुबैलमधल्या झाडून सगळ्या मराठी कुटुंबांना पाठ आहे. ती सांगून होईपर्यंत पाहुण्यांच्या चहावर साय धरते.

मात्र दोन्ही चित्रं नेमकी एकावर एक बसली पाहिजेत. त्यासाठी फोटोशॉपच्या विंडो मेनूत 'अरेंज'खाली झूम आणि लोकेशन जुळवायची सोय आहे. शिवाय मध्ये पडदा कोरा होता कामा नये. दोन चित्रांच्या मध्ये निमिषभर कोरा पडदा आला, की ढळढळीत बदलसुद्धा लोकांच्या लक्षात येत नाही, हे मानसशास्त्रज्ञांनी 1997 साली प्रयोगांतून दाखवलं. याच शोधाचा हवाला देऊन त्याने घरात नवा, जास्त रॅमचा लॅपटॉप मंजूर करून घेतला.

लाइटरूम नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये तर तुलनेचा दरबारच भरतो. एका फोटोवर 'सिलेक्ट'ची पाटी, दुसऱ्यावर 'कॅन्डिडेट'ची. बटण दाबलं की उमेदवार गादीवर. याच्या घरी एकाही फोटोची गादी पाच मिनिटं टिकत नाही.

तुलनेचं हे वेड फोटोंपुरतंही नाही. रियाल 1986 पासून डॉलरला पावणेचारच्या भावाने बांधलेला आहे, पण रुपया हलतो. म्हणून घरी पैसे पाठवायच्या दिवशी दोन ॲप उघडी. टक्. टक्. पैशा-दोन पैशांच्या फरकासाठी तो संध्याकाळपर्यंत थांबतो आणि तेवढ्यात दोन्हीकडचा भाव पडतो.

आता तो शंभर टक्के झूमवर आहे. चोवीस मेगापिक्सेलचा फोटो आणि फुल एचडी पडदा; म्हणजे एका वेळी फोटोचा जेमतेम बारावा हिस्सा दिसणार. गेला तासभर त्या हिश्श्यात कड्याचा खडक आहे. खडकाबाहेर, दोन्ही फोटोंत, बायकोचे डोळे मिटलेले आहेत. ते त्याला दिसायला अजून अकरा हिस्से बाकी आहेत.

तेवढ्यात पाणी प्यायला उठलेला मुलगा मागे येऊन उभा राहतो.

"ये. नीट बघून सांग, डावा की उजवा? डाव्यात रंग जरा ऊबदार आहेत ना?"

मुलगा वरच्या पट्टीवरची नावं वाचतो. "बाबा, एकच फाइल आहे. तुम्ही 'न्यू विंडो' केलंय. तोच फोटो दोनदा उघडलाय."

थोडा वेळ कोणी बोलत नाही. टक्. टक्.

"असू दे," गृहस्थ म्हणतो. "तरी डावाच ठेवू."