स्टॅबिलायझर घरीच ठेवून या
(कॅराव्हॅनवाल्या पाहुण्यांस अनावृत पत्र)



2021 साली राज्याने कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून मी भामरागडात आपली वाट पाहतोय. पर्लकोटा, पामुलगौतमी, इंद्रावतीचा संगम बघायला लोक येतात, हेमलकशाला लोक बिरादरी प्रकल्पात जातात. पण गाडीतच एसी-फ्रिज घेऊन आलेलं गिऱ्हाईक माझ्या दुकानाला अजून लाभलं नाही. माझं दुकान मोटार वाइंडिंगचं. गाववाल्यांचे पंप, पंखे, मिक्सर जळतात, पण सगळं उधारीवर. आपण रोखीने द्याल.

म्हणून कळकळीची विनंती, संरक्षणाची कसलीही उपकरणं आणू नका. कागदावर 230 व्होल्ट असलेली लाइट संध्याकाळी उतरते. साध्या बल्बातली तार लाल दिसू लागली की एसी लावायचा मुहूर्त समजा. कॉम्प्रेसर नुसता घुरघुरेल, फिरणार नाही आणि अँपिअर मात्र भरमसाट ओढेल. लाइट जाऊन आली की लगेच बटण दाबा. गॅसचा दाब उतरेपर्यंत तीन मिनिटं थांबतात ते भित्रे लोक. जळालेला सीलबंद कॉम्प्रेसर अख्खाच बदलावा लागतो, त्यात माझं कमिशन.

जोडणी घ्या ती लांबलचक बारीक वायरीने, पाच अँपिअरच्या पिनेतून. वायरीचं वेटोळं सोडू नका, छान तापतं. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा शेवटचा कधी पडला, उन्हाळ्यात त्यात पाणी कोण ओततं, असल्या चौकशा पाहुण्याला शोभत नाहीत. गाडीच्या पत्र्याला टेस्टर तर मुळीच लावू नका. पेटला तर उगाच झोप उडायची.

आणि वादळात डीपीवरचा न्यूट्रल तुटला तर सोनंच! दोन फेजांमधले 400 व्होल्ट मग घरोघर वाटले जातात, तेही उलट्या न्यायाने: ज्या फेजवर लोड कमी, तिथे व्होल्टेज जास्त. एकाकडे बल्ब मिणमिणतो, त्याच वेळी शेजाऱ्याच्या टीव्हीतून धूर निघतो. व्होल्टेज चढलं-उतरलं की लाइन तोडणारा तो छोटा डबा गाडीत असेल, तर ही गंमत आपल्याला दिसायचीच नाही.

पावसाळ्यात येणार असाल तर रजा सढळ हाताने टाका. नवा कॉम्प्रेसर आलापल्लीच्या रस्त्यानेच यायचा, आणि पर्लकोटा फुगली की तो रस्ता बंद.

आपला,
एक वाइंडिंगवाला

ता. क. माझ्या दुकानाच्या मीटरशेजारी तसला एक डबा आहे. तो विकायचा नाही.