चला, घसरायला यवतमाळला!

दुबईने 2005 साली वाळवंटात मॉल बांधला आणि त्या मॉलच्या पोटात बर्फाचा 400 मीटरचा उतार घातला. बाहेर अंगाची लाही लाही, आत माणसं कानटोप्या घालून स्कीइंग करताहेत. सॅन फ्रान्सिस्कोची मराठी मंडळी शनिवारी पहाटे गाड्या काढून ताहो तलावाकडच्या डोंगरात जातात, दिवसभर आपटतात आणि रात्री घरी येऊन आपटल्याचे फोटो टाकतात. मग मुंबई-नागपूरकरांनीच काय घोडं मारलंय? गुलमर्ग लांब पडतं. औलीचा रोपवे 2023 च्या जानेवारीत जोशीमठ खचायला लागलं तेव्हा बंद करावा लागला. अशा वेळी माझी शिफारस एकच, यवतमाळ.

हसू नका. उन्हाळ्यात आमचा पारा पंचेचाळिशीला टेकतो, मान्य. पण आमचा मोसम हिवाळ्याचा. गुलमर्गला बर्फ पडायच्या सुमारास इथे जिनिंगच्या आवारांत पांढरे डोंगर उभे राहतात. गाडी रिकामी होते, बायामाणसं गंजीवर चढून कापूस पायांनी सारखा करतात, वरून खाली येताना थेट बसूनच येतात. आवारातल्या बाभळीसुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. काश्मीरचा फोटो म्हणून खपवला तर पुण्यातल्या आत्याला कळणार नाही. कापसावर स्की घसरत नाही, रुतते, असा आक्षेप एका जाणकाराने घेतला. रुतण्याची सोय जिल्ह्यात मुबलक आहे. घसरायचं काम भाव बघून घेतो.

बाकी व्यवस्था तर जागतिक दर्जाची आधीच तयार आहे. परदेशात उताराच्या माथ्यावर नेणाऱ्या पाळण्यासाठी तासभर रांग लागते म्हणून लोक कुरकुरतात. आमची रांग बघा. खरेदी केंद्राच्या फाटकापासून मेटाडोर, ट्रॅक्टर, पिकअप असे एकामागे एक, पार हमरस्त्यापर्यंत. ड्रायव्हर गाडीखाली चवाळं अंथरून झोपलेला, मालक शेकोटीजवळ. थंडीचा अनुभव तिकिटातच समाविष्ट. ऑनलाइन बुकिंगही आलं आहे: 2025 च्या हंगामापासून ‘कपास किसान’ ॲपवर सातबारा, आधार आणि पीकपेऱ्यासह नोंदणी केल्याशिवाय सीसीआयच्या, म्हणजे हमीभावाने कापूस घेणाऱ्या सरकारी महामंडळाच्या, दारात प्रवेश नाही. स्वित्झर्लंडमध्ये तरी कुठे सातबारा मागतात?

बर्फाची प्रत हा स्कीइंगवाल्यांचा जिव्हाळ्याचा विषय. कोरडं, भुसभुशीत हवं. ओलं चालत नाही. या बाबतीत आम्ही त्यांचे गुरू. ग्रेडर येतो, गाडीच्या पार पोटात हात घालून मूठभर कापूस ओढतो, यंत्राची सळई खुपसतो आणि आकड्याकडे बघतो. शेतकरी ग्रेडरच्या तोंडाकडे बघतो. ओलावा 8 टक्के असेल तर लांब धाग्याला 2025-26 चा हमीभाव 8,110 रुपये क्विंटल. त्यापुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात आणि 12 च्या वर गेलं की गाडी वळवा. परतीच्या पावसात बोंडं भिजली, रात्रभर रांगेत दव पडलं, ही कारणं यंत्राला ऐकू येत नाहीत.

आता कोणी विचारेल, नैसर्गिक पांढरं कमी पडलं तर? युरोपात तोफा लावून कृत्रिम बर्फ उडवतात. आपल्या सरकारने त्याहून सोपी युक्ती काढली. 19 ऑगस्ट 2025 ला, इथे झाडाला अजून पात्या-फुलं लागत होती तेव्हाच, कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क उठवलं. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग पाहुण्यांना संकोच नको म्हणून डिसेंबरअखेरपर्यंत. आमचा डोंगर उभा राहायच्या आत परदेशी डोंगर बंदरात हजर.

सहलीचा आराखडाही मी करून ठेवला आहे. नागपूरहून पहाटे तर्री पोहे खाऊन निघायचं. रेल्वेचाच हट्ट असेल तर वर्धा-यवतमाळ-नांदेड हा मार्ग 2008-09 च्या सुमारास मंजूर झाला आणि 2024 च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचला. तिथे चिंतामणीचं दर्शन घेऊन उरलेल्या मार्गासाठी नवस बोलावा. दुपारी घसरणं, रुतणं, फोटो. संध्याकाळी आर्णी तालुक्यातलं दाभडी. इथे 20 मार्च 2014 ला देशातली गाजलेली ‘चाय पे चर्चा’ झाली. चहा स्वतःचा न्यावा.

हा सगळा बेत मी रांगेतल्या एका गाडीमालकाला ऐकवला. त्याला पसंत पडला. एकच अडचण मला सुचली होती, ती मी त्याच्यापुढे मांडली: मुंबईचे पर्यटक घामट, यंत्रावर बाराच्या वर ओलावा निघाला तर आल्या पावली परत पाठवायचे का?

“परत कायले पाठवता भाऊ,” तो म्हणाला, “फाटकाच्या बाहीर व्यापारी उभाच रायते. हजार रुपये कमी करून थो घेऊन घेईन.”