केबल बघितलीत का?

टेक्सासातल्या कुठल्याही गल्लीत कुणी जुन्या पिकअपचं बॉनेट उघडलं, की पाच मिनिटांत तिथे एक माणूस उगवतो. त्याला बोलावणं लागत नाही. डोक्यावर घामाने कडा पांढरी पडलेली टोपी, हातात कॉफीचा मग, मागच्या खिशातून लोंबणारी चिंधी. आधी तो काहीच बोलत नाही. मान तिरकी करून इंजिन ऐकतो, डोळे मिटतो, आणि भावकीतल्या मयताची बातमी सांगावी तशा आवाजात म्हणतो, "ट्रान्समिशन."

त्याचं खरं नाव काहीही असेल. आपण त्याला डिपस्टिकराव म्हणू.

ही जमात तिथे फोफावायला हवामानही पोषक आहे. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांचं सरासरी वय आता 12 वर्षांच्या वर गेलं आहे, आणि पिकअप तर कुणी सहसा भंगारात घालत नाही. बापाकडून ती पोराकडे येते, पोराकडून भाच्याकडे, आणि दर हस्तांतरात गिअरबॉक्सची एक तक्रार वाढते. गिअरबॉक्स नव्याने बांधून घ्यायचा तर अडीच-तीन हजार डॉलर सहज जातात. म्हाताऱ्या ट्रकची तेवढी किंमतही येत नाही. मग मालक आधी फुकटचा वैद्य शोधतो. इथे तर वैद्यच चालत दारात येतो.

आपल्याकडे डाव्या पायाने क्लच दाबत गाडी शिकलेल्या माणसाला ऑटोमॅटिक म्हणजे बिनक्लचची गाडी वाटते. तसं काही नसतं. पेडल नाही एवढंच. जनरल मोटर्सच्या ट्रकांमध्ये वर्षानुवर्षं बसवलेल्या 4एल60-ई या गिअरबॉक्समध्ये पाच क्लच आणि एक पट्टा असतो, सगळे तेलात बुडालेले. कुठला कधी धरायचा आणि कुठला सोडायचा हे तेलाच्या दाबावर ठरतं. म्हणजे तेल हेच तिथलं रक्त, तेच हात आणि तेच डोकं. म्हणूनच डिपस्टिकराव सगळ्यात आधी तेलाची नाडी बघतो.

हा सोहळा मात्र पाहण्यासारखा असतो, आणि इथे त्याला नावं ठेवायची सोय नाही. गाडी सपाट जागेवर, इंजिन तापलेलं आणि चालू. ब्रेक दाबून गिअरचा दांडा एकदा सगळ्या घरांतून फिरवून पुन्हा 'पार्क'मध्ये. मग डिपस्टिक उपसायची, पुसायची, पुन्हा खुपसायची, पुन्हा उपसायची. तेलाचा थेंब तो चिंधीवर टिपतो आणि उन्हात धरतो. लालभडक असेल तर बरं. तपकिरी आणि करपलेल्या वासाचं असेल तर क्लच प्लेट जळताहेत. स्ट्रॉबेरीच्या मिल्कशेकसारखं गुलाबी आणि गढूळ असेल तर रेडिएटरमधलं पाणी तेलात शिरलंय, गाडी जागची हलवू नका. शेवटी दोन बोटांत तेल चोळून तो नाकाशी नेतो. मसाल्याच्या दुकानात हिंगाची पारख करणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव असतो, तोच इथेही.

वास घेता घेता इतिहास सुरू होतो. पहिला मोठ्या प्रमाणावर विकला गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे हायड्रा-मॅटिक. 1940 च्या ओल्ड्समोबिलमध्ये आला आणि लगेच अमेरिकन रणगाड्यांतून युद्धावर गेला. "हिटलरला कुणी हरवलं माहीत आहे?" असं डिपस्टिकराव विचारतो, आणि उत्तर त्याच्या हातातल्या चिंधीवर असतं. पुढचा अध्याय देवमाशाचा. गिअरबॉक्सच्या तेलात एके काळी स्पर्म देवमाशाचं तेल घालत. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला देवमाशांना कायद्याचं संरक्षण मिळालं, आणि गिअरबॉक्सवाल्यांना दुसरं काहीतरी शोधावं लागलं. हे खरं आहे. पण तेव्हापासून एकाही ट्रकने सुरळीत गिअर टाकलेला नाही हे जे तो पुढे म्हणतो, ते खरं नाही.

त्याच्या पद्धतीवर रेडिओचेही संस्कार आहेत. तिकडच्या सार्वजनिक रेडिओवर 1987 ते 2012 या काळात 'कार टॉक' हा कार्यक्रम देशभर ऐकला जाई. टॉम आणि रे मॅग्लिओझी हे एमआयटीत शिकलेले दोघे भाऊ तो चालवत. लोक फोन करून आपल्या गाडीचे आवाज तोंडाने काढून दाखवत आणि हे भाऊ पोट धरून हसत हसत रोग सांगत. डिपस्टिकरावही मालकाला आवाज काढायला लावतो. चांगले शिकलेसवरलेले गृहस्थ भर गल्लीत, बायको खिडकीतून बघत असताना, "घर्रर्र... ठक" करताना दिसतात. मॅग्लिओझी बंधू स्वतःवरही हसत, हा भाग मात्र डिपस्टिकरावाने घेतला नाही.

एवढी तयारी असून त्याचं निदान का चुकतं? कारण त्याला रोग एकच माहीत आहे. त्याच्या स्वतःच्या ट्रकला झालेला.

त्याचा ट्रक 1989 चा. त्यात 700आर4 जातीचा गिअरबॉक्स. 1982 साली आलेल्या या गिअरबॉक्सला एक केबल असे. ॲक्सिलरेटर किती दाबलाय हे ती गिअरबॉक्सला कळवी, आणि त्यावरून आत तेलाचा दाब ठरे. केबल थोडी सैल राहिली की दाब कमी पडायचा, क्लच घसरायचे आणि काही दिवसांत जळून खाक व्हायचे. तेव्हा "केबल बघितलीत का?" हा प्रश्न त्या काळात शहाणपणाचाच होता. पण 1993 पासून त्याच गिअरबॉक्सचा इलेक्ट्रॉनिक अवतार ट्रकांमध्ये आला आणि केबल गेली. तीस वर्षं झाली. डिपस्टिकराव अजून केबलच विचारतो. एकदा तर त्याने पंक्चर झालेल्या ट्रकालाही विचारलं होतं म्हणतात, पण ही गल्लीतली अतिशयोक्ती असावी.

त्याच्या शेजारी सांगलीचा एक संगणक इंजिनिअर राहायला आला. मराठी मंडळाच्या गणपतीचे मखर आणि सतरंज्या वाहायला त्याने 2003 ची शेव्हरोले सिल्व्हराडो जुनी घेतली. गाडी चांगली होती. फक्त ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास, हलका ॲक्सिलरेटर दाबून पूल चढताना, रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यावरून गेल्यासारखी थरथरायची. डिपस्टिकराव शेजारच्या सीटवर बसला. थरथर सुरू होताच म्हणाला, "उजवा पाय तसाच ठेव. डाव्या पायाने ब्रेकला नुसता स्पर्श कर." इंजिनिअरने केला. थरथर थांबली.

ही युक्ती खरोखरीची आहे. इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणारा टॉर्क कन्व्हर्टर ठरावीक वेगाला आतल्या क्लचने इंजिनशी घट्ट बांधला जातो, आणि ब्रेकला पाय लागताच ही गाठ सुटते. गाठ सुटून थरथर थांबली तर संशय कन्व्हर्टरवर जातो. डिपस्टिकरावाने तिथेच निकाल दिला: कन्व्हर्टर गेला, गिअरबॉक्स खाली उतरवा, अडीच हजार डॉलर. वर पुस्ती, "आणि केबल बघून घे."

इंजिनिअरने रात्री सांगलीला फोन लावला. वडिलांनी उभ्या आयुष्यात एकही ऑटोमॅटिक गाडी चालवलेली नाही. सगळी हयात जीपमध्ये गेली.

"बाबा, गिअरबॉक्स गेला म्हणतात."

"तेल कसं आहे?"

"लाल. वासपण नाही."

"मग गिअरबॉक्स कसला गेला? गाडी मिसिंग करतीय का बघ की आधी. प्लग काढून बघ."

म्हाताऱ्याचं म्हणणं बिनतोड होतं. कन्व्हर्टरची गाठ सुटली की त्यातलं तेल इंजिनाचे बारीक झटकेही गिळून टाकतं. म्हणजे इंजिन मिसिंग करत असेल तरी ब्रेकच्या युक्तीने थरथर थांबतेच. त्या परीक्षेत निरपराध कन्व्हर्टरही फासावर जातो. खरा आरोपी ओळखायला संगणकाला विचारावं लागतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांना 1996 पासून डॅशबोर्डाखाली तपासणीचा ठरावीक प्लग सक्तीचा आहे, आणि सुट्या भागांच्या दुकानांत त्याला यंत्र जोडून कोड फुकट वाचून देतात. डिपस्टिकराव हे यंत्र वापरत नाही. त्याच्या मते यंत्राला नाक नसतं.

यंत्राने कोड दाखवला पी0307. सातवं सिलिंडर मिसिंग. सातव्या प्लगची वायर तापलेल्या सायलेन्सरच्या नळीला टेकून टेकून करपली होती. एक वायर, एक प्लग, अर्धा तास. मखर पुढच्या शनिवारी विनाथरथर मंडळात पोचलं.

इंजिनिअरने जळकी वायर नेऊन डिपस्टिकरावाला दाखवली. जरा ऐकवावं असा विचार होता. डिपस्टिकरावाने ती हातात घेतली, वाकवून बघितली, वास घेतला. चेहरा उजळला.

"म्हणजे शेवटी केबलच निघाली!" तो म्हणाला.

त्याचा स्वतःचा ट्रक समोरच उभा असतो. त्याला फक्त पहिला आणि तिसरा गिअर आहे. रिव्हर्स, दुसरा आणि चौथा एकदमच गेले, आणि हे तीन गिअर एकदम गेले की 700आर4 मध्ये 'सन शेल' नावाची पोलादी वाटी फुटलेली असते हे कुठल्याही गिअरबॉक्सवाल्याला बाहेरूनच कळतं. ट्रक पहिल्यात निघतो, दुसऱ्याच्या जागी नुसताच बोंब मारतो, आणि मग धाडकन तिसऱ्यात पडतो. मधल्या बोंबेला डिपस्टिकराव "दम घेणं" म्हणतो. रिव्हर्स नसल्यामुळे ट्रक लावायचा तर अंगणातून अख्खी फेरी मारून तोंड रस्त्याकडे करावं लागतं. हिरवळीवर घाण्याच्या बैलाने पाडावी तशी गोल वाट पडली आहे. गिअरबॉक्स त्याने कधी उघडून बघितलेला नाही. केबल मात्र आतापर्यंत तीनदा बदलली आहे.