बोर्लीची निवड समिती

बोर्ली पंचतनच्या बाजारात पंचक्रोशीचं सगळं मिळतं. दिवेआगर, वेळास, शिस्ते, कार्ले, वडवली, तिकडे दिघीपर्यंतची माणसं खिळ्यांपासून लग्नाच्या बस्त्यापर्यंत सगळ्यासाठी इथे येतात. कबड्डीवरचं मत हवं असेल तर तेही इथेच, स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर मिळतं. नको असेल तरी मिळतं. ते देणाऱ्या गृहस्थांना सगळे नाना म्हणतात.

नाना एसटीचे निवृत्त कंडक्टर. नोकरी सुटली, पण नोकरीची भाषा सुटली नाही. यू मुंबाच्या कोपरारक्षकाने घाई करून चढाईपटूच्या अंगावर झेप घेतली आणि गुण घालवला की नाना म्हणतात, "ह्याला मेमो द्या." तीच चूक पुन्हा झाली की, "चौकशी लावा." तिसऱ्यांदा झाली की खेळाडूची बदली होते, आणि ती कायम गडचिरोलीला होते. तिथे प्रो कबड्डीचा संघच नाही, असं एकदा कोणीतरी सांगून पाहिलं. नाना म्हणाले, "म्हणून तर पाठवतोय."

रायगडात कबड्डी शिकवावी लागत नाही. भात कापून शेतं मोकळी झाली की गावोगाव मैदानं आखली जातात, बांबूंना दिवे टांगले जातात, आणि प्रकाशझोतातल्या सामन्यांचं समालोचन दोन गावं पलीकडे झोपलेल्या माणसालाही ऐकावं लागतं. अशा मुलखात प्रत्येक गावात एक नाना असणारच; रोह्याकडे असतील, अलिबागकडे तर आळीगणिक असतील. आमच्या नानांचं वेगळेपण एवढंच की त्यांचा अधिकार गावकीच्या संघापुरता नाही. ते थेट यू मुंबा चालवतात. मालक रॉनी स्क्रूवाला यांना ते नुसतं 'रॉनी' म्हणतात. "रॉनी माणूस चांगला," असं ते सांगतात, "पण त्याला विचारायला कोण नाय." म्हणजे रॉनीने फोन करायला हवा होता. नंबर टपरीवाल्याकडे आहे.

प्रो कबड्डीचा पहिला सामना २६ जुलै २०१४ रोजी वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाला. यू मुंबाने जयपूरला ४५-३१ असं हरवलं. त्या दिवशी नानांची ड्यूटी बोर्ली–मुंबई गाडीवर होती आणि मुक्काम मुंबई सेंट्रलला. एवढं बहुधा खरं असावं. सुरुवातीची काही वर्षं ते सांगायचे की सामना आपण डोमच्या बाहेर एका हॉटेलातल्या टीव्हीवर पाहिला. मग ते आत गेले, अगदी वरच्या रांगेत. मग मधल्या. हल्ली समोर अभिषेक बच्चन बसलेला असतो आणि त्याचं डोकं मध्ये येत असतं. उभ्या आयुष्यात लोकांना "पुढं सरका, पुढं सरका" सांगितलेला माणूस शेवटी स्वतः सरकणारच.

पहिल्या तीन हंगामांत यू मुंबा तिन्ही वेळा अंतिम फेरीत होती. २०१४ मध्ये जयपूरशी हरली, २०१५ मध्ये बंगळुरूला ३६-३० असं हरवून जिंकली, २०१६ मध्ये पाटण्याकडून ३१-२८ असा तीन गुणांनी घात झाला. ते तीन गुण नानांना अजून सापडलेले नाहीत. त्यानंतर चषक नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण आणि यू मुंबाचा दुसरा चषक, यांतलं आधी काय पूर्ण होणार यावर टपरीवर पैजा लागतात. नोकरीभर माणगाव ते पनवेल खड्डे मोजलेले नाना अजून चषकावर पैसे लावतात. ही निष्ठा म्हणायची की अंकगणित कच्चं म्हणायचं, हे मला ठरवता आलेलं नाही.

खेळाडूंच्या वागणुकीबद्दल नानांची कसोटी एकच: अनुप कुमार. पहिल्या हंगामांतला यू मुंबाचा कर्णधार. सामना हातातून चालला तरी चेहऱ्यावर हसू, घाई नाही, आरडाओरडा नाही, बोनस रेषेपलीकडे पाय टेकवून गुण घेऊन परत. "आणि मागं वळून बघायचा पण नाय," नाना सांगतात. महाराष्ट्राच्या पोरांना आपल्याच संघात जागा मिळत नाही, हा नानांचा नेहमीचा संताप. अशा वेळी अनुप हरयाणाचा आहे, अशी आठवण कुणी करून दिली की ते शांतपणे म्हणतात, "जन्मानं."

फाजल अत्राचलीला २०१८ मध्ये यू मुंबाने एक कोटीला घेतला, तेव्हाही असंच झालं. लिलावात कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला खेळाडू, आणि तोही परदेशी. टपरीवर वातावरण तापलं होतं. नानांनी ते एका वाक्यात निवळलं: "मुंबईला इराणी नवे हायत काय? इतकी वर्षं मस्का-पाव कोण खायला घालत होतं?" फाजलने डाव्या कोपऱ्यातून घोट्याला हात घातला की नाना बसल्या बाकावरून पुढे झुकायचे. त्यांचा चहा त्या हंगामात बराच सांडला.

आताच्या पोरांवर मात्र त्यांचा राग. "पकड झाली की मांडी थोपटावी, नाय कोण म्हणतो? पण सात जण थोपटतात आणि गुण एकच मिळतो." केसांना रंग नको. दंडावर गोंदवलेलं नको. पंचाकडे बघून हात पसरायचे नाहीत. हिरवं कार्ड दाखवून पंच नुसती ताकीद देतात, पिवळं दाखवून दोनच मिनिटं बाहेर बसवतात, हे नानांना फार सौम्य वाटतं. "दोन मिनिटं म्हणजे काय शिक्षा झाली? दोन मिनिटांत तर माझे सुटे पैसे निघायचे नाहीत."

बुवा साळवींचं नाव निघालं की तेवढ्यापुरते नाना हात जोडतात. १५ जुलैला, बुवांच्या जयंतीला, महाराष्ट्रात कबड्डी दिन असतो. त्या दिवशी ते टपरीवर कुणालाही शिवी देत नाहीत. दुसऱ्या दिवशी थकबाकी वसूल होते.

क्रिकेटच्या बाबतीत नाना वेगळेच गृहस्थ असतात. टपरीवरचा पोऱ्या मुंबई इंडियन्सचा भक्त. १५ डिसेंबर २०२३ रोजी रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पंड्याला कर्णधार केलं, तेव्हा पोऱ्याने दोन दिवस चहात साखर नीट घातली नाही. पुढे वानखेडेवर आपल्याच प्रेक्षकांनी हार्दिकची हुर्यो उडवली, संघ तळाला गेला, तेव्हा पोऱ्या म्हणाला, "बरं झालं." नानांनी त्याला समोर बसवलं आणि समजावलं, "अरे, बदली वरून येते. प्रवाशांनी कंडक्टरला शिव्या देऊन काय होणार? तो बिचारा आला ड्यूटीवर." जून महिन्यात विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच हार्दिकने शेवटच्या षटकात सोळा धावा राखल्या, आणि नानांची दूरदृष्टी गावभर झाली. माझं निरीक्षण असं की ज्या खेळातलं कळत नाही, त्यात नाना अत्यंत न्यायी आहेत.

ज्यातलं कळतं, तिथे पंचाईत होते. ७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध इराण. २८-२८ अशी बरोबरी, शेवटची मिनिटं, आणि पवन सेहरावतची करो-या-मरो चढाई. पवन कुणाला न शिवता राखीव पट्ट्यात गेला, त्याला बाहेर ढकलायला इराणचे गडीही त्याच्यामागे गेले. जुन्या नियमाने मागे गेलेले सगळे बाद, नव्या नियमाने नुसता पवन बाद. निर्णय फिरला, पुन्हा फिरला, दोन्ही संघ मॅटवर बसून राहिले, खेळ जवळजवळ तासभर थांबला. शेवटी भारत ३३-२९ जिंकला. आमच्याकडे सामना तासभर थांबतो तो लाइट गेल्यावर. नियमपुस्तकामुळे थांबलेला हा पहिलाच.

नानांनी त्या संध्याकाळी टपरीच्या फरशीवर खडूने पट्टा आखला आणि जुना नियम कसा न्यायाचा आहे ते चार जणांना उभं करून दाखवलं. "न शिवता मागं धावलास, तुझी चूक. बाद!" महिन्याभराने गावच्या सामन्यात हुबेहूब तसंच घडलं, फक्त मागे धावलेले तिघे बोर्लीचे होते. नाना मैदानात उतरले. "नवीन नियम वाचलास काय?" त्यांनी पंचाला विचारलं. "जग कुठं गेलं नि तुम्ही कुठं!"

पण नानांचा खरा विषय शिस्त नाही, नियम नाही. त्यांचा विषय लिलाव. "भरडखोलच्या बंदरावर म्हावरं घेताना बाई कल्ला उघडून बघते, मग बोली लावते," ते म्हणतात. "हे करोड मोजतात नि गुडघा बघत नाहीत." त्याहून मोठं दुःख, चांगले गडी हातचे जातात याचं. आपला कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई यू मुंबाला ३६ लाख ४० हजारांत मिळाला, एका हंगामात मैदान गाजवलं, आणि २०१९ मध्ये तेलुगू टायटन्सने त्याला १ कोटी ४५ लाखांना नेला. "चौपट दिले म्हणून जायचं?" नाना विचारतात. लिलावात खेळाडूला विचारत नाहीत, असं सांगितलं की म्हणतात, "नाय म्हणायचं. जीभ हाय ना?"

आणि पुणं. सगळ्या वाटा शेवटी पुण्याला जातात, हे नानांचं शल्य. अनुप २०१८ मध्ये जयपूरला गेला, डिसेंबरात निवृत्त झाला, तोवर ठीक होतं. २०१९ मध्ये तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. त्यातून नाना सावरतात तोच २०२२ मध्ये फाजलही पलटणनेच नेला, १ कोटी ३८ लाखांना. त्या वर्षी फाजलच्या नेतृत्वाखाली पुणं अंतिम फेरीत जयपूरकडून हरलं, आणि नानांनी टपरीवर स्वतःच्या पैशांनी चहा पाजला. असा प्रसंग बोर्लीत त्याआधी घडल्याचं कुणाला आठवत नाही. मार्च २०२४ मध्ये मात्र पुणं जिंकलं, तेही तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली. महाराष्ट्राचा पोरगा, महाराष्ट्राचा संघ. नानांची जुनी मागणीच पूर्ण झाली होती. दोन दिवस ते टपरीवर फिरकले नाहीत.

नानांचा मुलगाही पुण्यात असतो, हिंजवडीला. चार वर्षांत तीन कंपन्या. "हुशार हाय," नाना कौतुकाने सांगतात. "एका जागी राहिला की पॅकेज वाढत नाय. ऑफर आली की उडी मारायची." हे ते फाजलचा विषय संपता संपता, त्याच घोटात सांगतात. आम्ही कुणी काही बोलत नाही. बोलून चहा थंड होतो.

२०२० साली जूनच्या तीन तारखेला निसर्ग वादळ आलं. माडापोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांवरची छपरं गेली, वीज कितीतरी दिवस आली नाही. नानांच्या वाडीतली पोफळही गेली. त्या वर्षी साथीमुळे प्रो कबड्डीचा हंगाम झाला नाही, हे कळल्यावर पडवीत कंदिलापाशी बसून ते म्हणाले, "एक बरं झालं. झाला असता तर बघणार कशावर होतो?"

तर हे सगळं असंच चाललं असतं. पण टपरीवर एक भाई येऊन बसतात, दुबईत नोकरी करून परतलेले, नानांच्याच वयाचे. २०१८ मध्ये दुबईत झालेल्या कबड्डी मास्टर्समध्ये भारताने इराणला ४४-२६ असं हरवलं, तो सामना त्यांनी खरोखर आत बसून पाहिला. त्यामुळे नाना त्यांच्यासमोर डोमची गोष्ट जरा मागच्या रांगेतून सांगतात. परवा लिलावाचा विषय निघाला. नाना रंगात आले. पैशासाठी घर सोडणारा गडी गडी नव्हे, वगैरे. भाईंनी बशी खाली ठेवली.

"नाना, दिवेआगरच्या सामन्यात तू वेळासकडून खेळलास, त्याचं काय?"

टपरी एकदम जागी झाली. नाना पंचविशीत असतानाची गोष्ट. बोर्ली विरुद्ध वेळास, उपांत्य सामना. भाई बोर्लीकडून, नानांचे थोरले बंधूही बोर्लीकडून, आणि नाना समोरच्या अंगणात, वेळासच्या उजव्या कोपऱ्यावर. शेवटच्या चढाईला थोरले गेले आणि धाकट्याने त्यांचा घोटा धरला. बोर्ली हरली. थोरले महिनाभर धाकट्याशी बोलले नव्हते.

"मला बोर्लीनं राखीव बसवला होता," नाना म्हणाले. "तीन सामने! पाणी द्यायला! आणि घोटा समोर आला तर सोडायचा काय? त्याच्यावर नाव लिहिलेलं असतं?"

"पण पैसे घेतलेस ना?"

"पैसे कुठले? दोन कोंबडे दिले. नि टेम्पोचं भाडं."

"दोन कोंबडे?" पोऱ्या हसू दाबत म्हणाला. "गाव विकलंत नाना, दोन कोंबड्यांत?"

नाना बाकावरून उठलेच. "मग काय करणार होतो? तेव्हा लिलाव होता कुठं? लिलाव असता तर मी काय दोन कोंबड्यांत गेलो असतो?"